दारावरची नोटीस आणि न्यायालयाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, ही म्हण मराठवाड्यात खेड्यातल्या पारावर जितकी ऐकू येते तितकीच नांदेड आणि लातूर शहरांच्या बाजारपेठांतही. तिच्यामागे अनेक पिढ्यांचा अनुभव आहे हे नाकारता येणार नाही. तथापि, पायरी चढावयाची की नाही हे ठरविणे प्रत्येक वेळी नागरिकाच्या हाती राहत नाही. एखाद्या सकाळी महानगरपालिकेचा कर्मचारी येतो, घरमालक भेटला तर त्याची सही घेतो, न भेटला तर दोन पंचांसमक्ष दारावर कागद चिकटवून निघून जातो. त्या क्षणापासून मुदतीचे दिवस मोजले जाऊ लागतात, मग घरातील कोणी तो कागद वाचो अथवा न वाचो.

अशा वेळी सामान्यतः काय घडते? काही घरांत तो कागद देवघराच्या कोनाड्यात जातो आणि तिथेच राहतो. काही घरांतून तो थेट नगरसेवकाच्या बैठकीत पोहोचतो. अर्धवट राहिलेला स्लॅब रात्रीच्या रात्री ओतून घेण्याची घाई करणारेही असतात. एकदा पूर्ण झालेले बांधकाम कोणी पाडीत नाही, असा त्यांचा समज असतो. या तिन्ही मार्गांत एक गोष्ट समान आहे. नोटिशीने जे विचारले आहे त्याचे उत्तर कोणीच देत नाही.

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाचे कलम २६० पाहिले असता ही गोष्ट स्पष्ट होते. नियमांविरुद्ध बांधकाम चालू आहे असे आढळल्यास ते का पाडू नये याचे पुरेसे कारण लेखी द्यावे, अथवा ठरलेल्या दिवशी स्वतः किंवा प्रतिनिधीमार्फत उपस्थित राहून दाखवावे, असे ही नोटीस सांगते. म्हणजे मूलतः तो एक प्रश्न आहे, शिक्षा नव्हे. मात्र प्रश्नाला उत्तर आले नाही तर सांगण्यासारखे काहीच नव्हते, असा निष्कर्ष काढण्यास कार्यालय मोकळे होते आणि पुढील आदेश त्या मौनावर उभा राहतो.

एक घर, दोन नोटिसा

विषय समजण्यास सोपा जावा म्हणून एक कल्पित कुटुंब डोळ्यांसमोर आणावे. नांदेडच्या जुन्या वस्तीत एका निवृत्त गुरुजींचे वडिलोपार्जित माळवदाचे घर आहे. दर्शनी बाजूस दगडमातीची जाड भिंत, लाकडी खांब आणि तुळया, वर पांढऱ्या मातीचा थर. पुढच्या खणात एक शिंपी गेली अनेक वर्षे भाडेकरू म्हणून दुकान चालवितो. मुलाचे लग्न झाले तेव्हा गुरुजींनी मागील मोकळ्या जागेत सिमेंट-काँक्रीटच्या दोन खोल्या बांधल्या. जागा स्वतःची असल्याने परवानगी कशासाठी घ्यावयाची, हा प्रश्न कोणाच्या मनातही आला नाही. पावसाळ्यात दर्शनी भिंतीला पोट आले. शेजाऱ्यांनी तक्रार केली, अभियंता पाहणीस आला, आणि एकाच आठवड्यात घरावर दोन नोटिसा लागल्या. एक धोकादायक भिंतीची, दुसरी मागील विनापरवाना खोल्यांची.

गुरुजींना दोन्ही कागद सारखेच वाटले. वस्तुतः ते अगदी भिन्न आहेत. पहिली नोटीस कलम २६४ खालील असून तिचा संबंध जीविताशी आहे. बांधकाम कायदेशीर असो वा नसो, शंभर वर्षांचे असो वा दहा, ते पडण्याच्या बेतात असेल तर ते उतरवावे, त्यास आधार द्यावा किंवा त्याची दुरुस्ती करावी, असे ती सांगते. दुसरी नोटीस परवानगीविषयी आहे. तिथे भिंत किती मजबूत आहे हा मुद्दाच नसतो. मंजूर नकाशा आहे काय, सामासिक अंतर सोडले आहे काय, जागेचा वापर विकास योजनेशी जुळतो काय, एवढेच पाहिले जाते. म्हणून नोटीस हाती येताच पहिले काम म्हणजे ती कोणत्या अधिनियमाच्या कोणत्या कलमाखाली काढली आहे, कोणाच्या सहीची आहे, जावक क्रमांक व दिनांक काय आणि मुदत किती दिवसांची आहे हे वाचणे. ती कोणत्या दिवशी मिळाली याची नोंद त्याच कागदाच्या मागे करून ठेवणेही तितकेच आवश्यक आहे.

पुष्कळदा असे आढळते की नोटीस हयात नसलेल्या आजोबांच्या नावाने निघते, कारण वारसाची नोंद कोणी लावून घेतलेलीच नसते. ज्याच्या नावाची नोटीस तो हयात नाही, तेव्हा तिचा आपल्याशी संबंध नाही, असे समजून गप्प बसणारे वारस नंतर अडचणीत येतात. नोटीस भोगवटादारावर अथवा दारावर चिकटवूनही बजावता येते. मृत्यूचा दाखला जोडून सर्व वारसांची नावे कळवावीत आणि मूळ मुद्द्यांचे उत्तरही त्याच पत्रात द्यावे, हे अधिक शहाणपणाचे.

तीन राजवटींचे कागद

मराठवाड्यातील घरांच्या बाबतीत एक विशेष अडचण आहे, तिच्याकडे इतर विभागांतून बदलून आलेल्या अधिकाऱ्यांचे सहसा लक्ष जात नाही. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता. त्या काळातील कागद उर्दूत आहेत आणि त्यांवर फसली सन आहे. फसली सनात ५९० मिळविले की इसवी सन येतो. म्हणजे १३४५ फसलीचा कागद इसवी सन १९३५-३६ चा ठरतो. त्यानंतर हैदराबाद जिल्हा नगरपालिका अधिनियम, १९५६ आला. संयुक्त महाराष्ट्राच्या स्थापनेनंतर राज्यातील नगरपालिकांसाठी १९६५ चा एकच अधिनियम झाला. नांदेड आणि वाघाळा मिळून १९९७ मध्ये महानगरपालिका झाली, लातूरला ती २०११ मध्ये झाली. लातूर तर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातील शहर होते. शहराची हद्द वाढली तशी ग्रामपंचायतींची गावठाणेही आत आली.

याचा अर्थ असा की एकाच गल्लीतील तीन घरांचे कागद तीन निरनिराळ्या कार्यालयांचे असू शकतात. पूर्वीच्या नगरपालिकेने दिलेली परवानगी महानगरपालिका झाली म्हणून निरर्थक होत नाही. हद्दवाढीपूर्वी ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम ५२ खाली मिळालेली परवानगीही फेकून देण्याचा कागद नव्हे. ती देण्याचा अधिकार त्या वेळी पंचायतीस होता काय, हे मात्र तपासावे लागते. शहरालगतच्या गावांतील पंचायत सदस्यांनी आपल्या दप्तरातील परवानगी नोंदवही जपून ठेवली तर दहा-वीस वर्षांनी कोणाचे तरी घर तिच्यामुळे वाचते. उर्दू अथवा मोडी कागद असल्यास जाणकाराकडून त्याचे भाषांतर करून मुळासह जोडावे. तो कागद वाचता येत नाही म्हणून बाजूला सारणे उचित नव्हे, आणि वाचता न येताच तो आपल्या बाजूचा आहे असे धरून चालणेही धोक्याचे आहे.

मग पुरावा कोणता? मंजूर नकाशा, बांधकाम परवाना आणि भोगवटा प्रमाणपत्र हे प्रथम. ते नसतील तर नगर भूमापनाचे मालमत्ता पत्रक, कर आकारणी नोंदवहीचा जुना उतारा, नळजोडणी व वीजजोडणीचे कागद यांवरून बांधकाम कोणत्या काळातले हे तरी दाखविता येते. येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे अवश्य आहे. घरपट्टीची पावती म्हणजे बांधकामाची परवानगी नव्हे. विनापरवाना बांधकामावरही कर बसतो. इतकेच नव्हे तर कलम २६७-अ मध्ये अशा बांधकामावर शास्ती आकारण्याची तरतूद आहे आणि ती भरली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, असे कायद्यानेच म्हटले आहे. वीस वर्षांच्या पावत्या जपून ठेवलेल्या घरमालकाला हे ऐकून वाईट वाटते. त्या पावत्या व्यर्थ नसतात. बांधकामाचे वय त्या सिद्ध करतात. त्याहून अधिक भार त्यांच्यावर टाकू नये.

माळवदाखालचा प्रश्न

गुरुजींच्या पहिल्या नोटिशीकडे वळू. धोकादायक घराची नोटीस म्हणजे भाडेकरूला काढण्याचा किंवा जागा बळकावण्याचा डाव, असा संशय जुन्या वस्त्यांत नेहमी घेतला जातो. क्वचित तो खराही असेल. परंतु लातूर परिसरातील माणसाला तरी या नोटिशीचे महत्त्व सांगावे लागू नये. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीचे विसर्जन आटोपून गावे झोपली असताना किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे दहा हजार माणसे दगावली. भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. एवढ्या धक्क्यात सहसा इतकी माणसे मरत नाहीत. मृत्यू ओढवला तो मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि डोक्यावरचे मातीचे ओझे यांमुळे. उन्हाळ्यात थंडावा देणारे, पिढ्यान्‌पिढ्या अभिमानाने जपलेले माळवदच घरच्यांच्या अंगावर आले. त्यानंतर बावन्न गावे नव्या जागी वसविण्यात आली, पण शहरांच्या जुन्या पेठांत माळवदे आजही उभी आहेत आणि दर पावसाळ्यात त्यांच्यावर मातीचा आणखी एक थर चढतो.

या नोटिशीस उत्तर देताना घर धोकादायक नाही, एवढे एकच वाक्य लिहून भागत नाही. अभियंत्याच्या मताला अभियंत्याचेच मत हवे. महानगरपालिकेच्या नोंदणीतील संरचना अभियंत्याकडून तपासणी करून घ्यावी आणि त्याचा अहवाल उत्तरासोबत जोडावा. कायद्याने तीस वर्षांहून जुन्या इमारतींची अशी तपासणी मालकावर बंधनकारकच केली आहे. माळवदावरील माती उतरवून पत्रे घालणे, भिंतीस टेकू देणे, पोट आलेला भाग काढून पुन्हा रचणे, यांपैकी काय शक्य आहे हे अहवालात आले, आणि अमुक दिवसांत एवढे काम करतो असे मालकाने लिहून दिले, तर पाडण्याचा प्रसंग अनेकदा टळतो. दुरुस्तीची परवानगी मात्र त्याच अर्जात मागावी. नाहीतर एका नोटिशीचे पालन करताना दुसरी ओढवते! आणि अहवालातच घर रिकामे करा असे आले तर मुदतीची वाट न पाहता माणसे बाहेर काढावीत. धोका तातडीचा असताना कायदा सुनावणीसाठी थांबत नाही, भिंतही थांबत नाही.

मागील खोल्यांचा मार्ग निराळा. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ५३ खाली नोटीस आली असेल तर तिच्यात दिलेल्या मुदतीतच ते बांधकाम कायम ठेवण्याची परवानगी कलम ४४ खाली मागता येते, आणि त्या अर्जाचा निकाल लागेपर्यंत केवळ नोटिशीच्या आधारे बांधकाम हटविता येत नाही. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक आहे. तिचा लाभ मुदतीत अर्ज करणाऱ्यालाच मिळतो. २०२० पासून मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागांस लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावलीत जे बसते ते शुल्क भरून नियमित होऊ शकते. जे बसत नाही तेवढा भाग स्वतःच काढून घेऊन उरलेल्यासाठी अर्ज करणे, हाही मार्ग आहे. शेतजमिनीचे गुंठे पाडून विकलेल्या भूखंडांवरील घरांसाठी २००१ चा गुंठेवारी अधिनियम असून २०२१ च्या सुधारणेने त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांपर्यंत वाढविण्यात आली. गोदावरीच्या पूररेषेत किंवा रस्त्याच्या जागेत केलेल्या बांधकामाला यांपैकी कोणताच दरवाजा उघडत नाही, हे आधीच समजून घेतलेले बरे.

रस्त्याच्या बाबतीत एक भेद मात्र करावा लागतो. रस्ता रुंद करावयाचा म्हणून एखाद्याच्या मालकीची, कायदेशीर उभी असलेली भिंत मागे घ्यावी लागणे ही भूसंपादनाची बाब असून तिथे मोबदल्याचा हक्क असतो. रस्त्यावरच केलेले अतिक्रमण ही वेगळी गोष्ट. २००८ च्या गुरु-ता-गद्दी सोहळ्याच्या सुमारास नांदेडचे रस्ते रुंद झाले तेव्हा शहराने हा भेद जवळून पाहिला. लातूरची गंजगोलाई १९१७ साली नियोजनपूर्वक उभी राहिली, सोळा रस्ते तिला येऊन मिळतात. आखीव शहरातही दुकानाची एकेक फळी पुढे सरकत गेली की रेषा कोणती हे पुन्हा मोजूनच ठरवावे लागते.

न्यायालयात

गुरुजींनी धोकादायक भिंतीच्या नोटिशीकडे लक्ष दिले, परंतु मागील खोल्यांची नोटीस कोनाड्यात ठेवली, असे समजू. काही महिन्यांनी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयाचे समन्स येते. आता ते आरोपी आहेत. आयुष्यभर मुलांना शिस्त शिकविलेल्या माणसाला हा शब्द झोंबतो, आणि मग लवकर सुटका व्हावी म्हणून न्यायालयात कोणीतरी दिलेला सल्ला तो स्वीकारतो: गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा.

या सल्ल्याइतका घातक सल्ला दुसरा नाही, कारण दंड भरून माणूस त्या दिवसापुरता मोकळा होतो, घर होत नाही. दंडाची पावती म्हणजे परवानगी नव्हे. बांधकाम जसे अनधिकृत होते तसेच राहते, पाडण्याचा आदेश कायम असतो, आणि उल्लंघन चालू राहिले तर दररोजच्या दंडाची तरतूद वेगळी आहे. उलट, आपण गुन्हा केला अशी कबुली आता न्यायालयाच्या दप्तरी नोंदली गेलेली असते. नगररचना अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये तर किमान एक महिना ते तीन वर्षे कैदेची तरतूद आहे. किरकोळ दंडाचा खटला आणि हा खटला एकाच मापाने मोजता येत नाही. कोणत्या कलमाखाली फिर्याद आहे हे समन्सवरून व फिर्यादीच्या नकलेवरून समजून घेतल्याशिवाय कबुलीचा शब्द तोंडातून जाता कामा नये.

याचा अर्थ प्रत्येकाने खटला लढवीत बसावे असा नाही. चूक खरोखर झाली असेल आणि बांधकाम काढून घेतले असेल किंवा नियमित करून घेतले असेल, तर ते कागद न्यायालयासमोर ठेवून कबुली देणे हा प्रामाणिक व बहुधा सौम्य शिक्षेचा मार्ग आहे. महत्त्व क्रमाला आहे. आधी कार्यालयातील काम, नंतर न्यायालयातील कबुली. गुरुजींनीही पहिल्या तारखेस वकील देऊन फिर्यादीच्या नकला घ्याव्यात, मुदत मागावी आणि त्या मुदतीत नियमित करण्याचा अर्ज दाखल करून त्याची पोच पुढील तारखेस हजर करावी. समन्स मिळूनही न जाणे ही मात्र अक्षम्य चूक होय. त्यातून वॉरंट निघते. आजारपण किंवा वार्धक्य असेल तर वकिलामार्फत गैरहजेरीची परवानगी मागता येते. १ जुलै २०२४ पासून फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली असली तरी या बाबतीतील जुनी घडी फारशी बदललेली नाही.

खटला लढविण्याजोगा असेल तर भार महानगरपालिकेवर असतो. नोटीस बजावली गेली काय, पंचनामा कोणासमक्ष झाला, मोजमाप कोणी घेतले, बांधकाम केव्हाचे व कोणी केले, हे तिने सिद्ध करावयाचे असते. पंचनाम्यावर दोन्ही पंच कार्यालयातलेच, मोजमापात लांबी आहे पण रुंदी नाही, अशा उणिवांमुळे फिर्यादी निकालात निघाल्या तर दोष न्यायालयाचा नसतो.

कराविषयीची तक्रार ही आणखी निराळी बाब. आकारणीविरुद्ध आधी आयुक्तांकडे हरकत घ्यावी लागते आणि त्यानंतर कलम ४०६ खाली पंधरा दिवसांत न्यायाधीशांकडे अपील करावे लागते. मागणीची रक्कम भरल्याखेरीज ते ऐकले जात नाही. नागरिक अनेकदा पाडण्याच्या नोटिशीला उत्तर देताना वाढीव घरपट्टीचे गाऱ्हाणे मांडतात आणि दोन्ही प्रकरणांचा घोळ करून बसतात.

ऐकून घेण्याचा हक्क

लंडनच्या वँड्सवर्थ भागात एका बांधकाम करणाऱ्याने सात दिवसांची पूर्वसूचना न देता घर बांधावयास घेतले. घर दुसऱ्या मजल्यापर्यंत आले असता तेथील मंडळाने काही न विचारता ते पाडून टाकले. कायद्याने मंडळाला पाडण्याचा अधिकार दिलेला होता, आणि ऐकून घ्यावे असे त्या कायद्यात कोठेही लिहिलेले नव्हते. तरीही १८६३ साली न्यायालयाने त्या माणसाच्या बाजूने निकाल दिला. त्याचे म्हणणे ऐकले असते तर कदाचित त्याने पुरेसे कारण सांगितले असते. ते सांगण्याची संधीच न देता कोणाचे घर पाडता येत नाही, असा त्याचा आशय होता. आपल्या देशात १९८५ साली सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने मुंबईच्या पदपथावरील रहिवाशांच्या प्रकरणात पदपथावर राहण्याचा हक्क मान्य केला नाही, मात्र पूर्वसूचना देणे हाच सर्वसाधारण नियम असल्याचे सांगितले.

१३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाचे न्या. भूषण गवई व न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी हाच विचार तपशिलात उतरविला. नोटीस नोंदणीकृत टपालाने पाठवावी व बांधकामावरही चिकटवावी. ती मिळाल्यापासून किमान पंधरा दिवस द्यावेत. मागील तारीख टाकल्याचा आरोप होऊ नये म्हणून तिची माहिती तत्काळ जिल्हाधिकारी कार्यालयास कळवावी. प्रत्यक्ष सुनावणी घेऊन तिचे इतिवृत्त ठेवावे. बांधकाम शुल्क घेऊन नियमित होण्याजोगे आहे काय आणि नसेल तर पाडण्यावाचून गत्यंतर का नाही हे आदेशात लिहावे. आदेशानंतर पुन्हा पंधरा दिवस थांबावे. पाडकामाचे चित्रीकरण करावे, असे हे निर्देश आहेत. ते मोडणाऱ्या अधिकाऱ्यावर स्वतःच्या खर्चाने भरपाई करण्याची जबाबदारीही येऊ शकते. रस्ते, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरील अतिक्रमणांस, तसेच न्यायालयाने पाडण्याचा आदेश दिला असेल तिथे, हे संरक्षण नाही.

काही अधिकाऱ्यांना हे निर्देश कामात अडथळा आणणारे वाटतात. क्षेत्रीय कार्यालयात मनुष्यबळ अपुरे असते, राजकीय दडपण असते, हे खरे आहे. परंतु कारणे नोंदविलेला दोन पानी आदेश वरिष्ठ न्यायालयात टिकतो आणि छापील नमुन्यातील रिकाम्या जागा भरून काढलेला आदेश तहकुबीच्या पहिल्याच दिवशी थांबविला जातो, हाही अनुभवच आहे. पदनिर्देशित अधिकाऱ्याच्या नोटिशीस दिवाणी दाव्यात आव्हान देण्यावर कायद्याने निर्बंध घातले आहेत. म्हणून अन्याय झालेल्या नागरिकास अखेर उच्च न्यायालयाच्या खंडपीठाकडेच जावे लागते. १९८१ साली औरंगाबाद, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगर येथे खंडपीठ सुरू होण्यापूर्वी नांदेड-लातूरच्या माणसाला त्यासाठी मुंबई गाठावी लागे. आजही तो प्रवास, वकिलाची फी आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब केला तर कार्यालयात झालेली एक चांगली सुनावणी दोन्ही पक्षांना पुष्कळ स्वस्त पडते.

ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी जिल्हा न्यायालयाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे. महिला, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग आणि आपद्‌ग्रस्त यांना उत्पन्नाची अट नाही. इतरांसाठी महाराष्ट्रात ती वार्षिक तीन लाख रुपयांची आहे. थकित घरपट्टीची प्रकरणे लोकअदालतीत तडजोडीने मिटतात, मात्र तेथील निवाड्यावर अपील नसते, हे सही करण्यापूर्वी ध्यानात ठेवावे. गावोगावच्या शिक्षकांकडे लोक कागद वाचून घेण्यासाठी येतात. त्यांनी नोटिशीवरील कलम, मुदत आणि सुनावणीचा दिनांक या तीन गोष्टी मोठ्याने वाचून दाखविल्या आणि उत्तराची एक प्रत आवक शिक्क्यासह परत घ्यावयास सांगितले, तर वकिलाकडे जाण्याआधीच निम्मे काम झालेले असते.

राहिला तो पुढच्या खणातला शिंपी. दोन्ही नोटिसा गुरुजींच्या नावाने निघाल्या, खटला गुरुजींवर झाला, पण दर्शनी भिंत उतरविली तर पहिल्यांदा बंद पडते ते त्याचे शिवणयंत्र. त्याच्या नावाची नोटीस नाही म्हणून त्याला काही म्हणावयाचे नाही असे होत नाही. भोगवटादार या नात्याने त्यालाही लेखी म्हणणे मांडता येते, संरचना अभियंत्याच्या अहवालाची प्रत मागता येते आणि मालक दुरुस्ती टाळत असेल तर तसे कळविता येते. जागा रिकामी करण्यापूर्वी आपल्या ताब्यातील खणाची लांबी-रुंदी अधिकाऱ्याकडून मोजून घेऊन त्याची नोंद त्याने मागावी. भाडेपावत्या व दुकानाचा परवाना यांसह ती नोंद जपून ठेवावी. महानगरपालिकेने इमारत पाडली तरी खालील जमीन उरते, त्यामुळे भाडेकरूचा हक्क तेवढ्याने संपत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातीलच एका खटल्यात २०१४ साली ठरविले आहे. घर पुन्हा उभे राहील तेव्हा त्याचा खण किती लांबीरुंदीचा होता, हे त्या मोजमापाच्या कागदावरूनच ठरेल.